मेलिना मर्कुरी मंत्री म्हणून का टिकल्या?

नवं मंत्रिमंडळ आलं, खातेवाटप झालं की आपल्याकडे एक वाद ठरल्यासारखा उसळतो. सांस्कृतिक कार्य खातं कुणाच्या पदरात पडलं हे कळताच एक बाजू विचारते, या माणसाचा नाटकाशी, गाण्याशी, पुस्तकांशी संबंध काय? हे खातं कलावंताकडेच हवं. दुसरी बाजू म्हणते, कलावंताला फायलीतलं काय कळतं? खातं चालवायला प्रशासन जाणणारा माणूस लागतो. या वादात परदेशातले दाखले निघाले की ग्रीसच्या अभिनेत्री आणि पुढे सांस्कृतिक मंत्री झालेल्या मेलिना मर्कुरींचं नाव येतंच. एका बाजूला त्यांच्यात तारांकित कलावंताने गाजवलेलं मंत्रिपद दिसतं, दुसऱ्या बाजूला नुसती भाषणं आणि अथेन्सच्या पार्थेनॉन या प्राचीन मंदिराची शिल्पं अजूनही लंडनमध्येच. दोघांनीही मर्कुरींची कारकीर्द अर्धीच वाचली आहे. त्या अभिनेत्री होत्या म्हणून यशस्वी मंत्री झाल्या नाहीत. मतदारसंघ बांधलेल्या, पक्षाच्या स्थापनेपासून पक्षात असलेल्या, पंतप्रधानांचा विश्वास मिळवलेल्या आणि एकच खातं जवळपास आठ वर्षं सलग सांभाळलेल्या राजकारणी होत्या, म्हणून झाल्या. मंत्री कोणत्या पेशातून आला याला फार महत्त्व नाही. तो किती काळ राहिला, मंत्रिमंडळात त्याचं वजन किती होतं आणि तो गेल्यावर खात्यात काय उरलं, हे तपासायला हवं.

आधी कारकीर्द पाहू. मर्कुरींचा जन्म १९२० चा, अथेन्सचा. आजोबा स्पायरोस मर्कुरी अनेक वर्षं अथेन्सचे महापौर, वडील खासदार. म्हणजे राजकारण घरातच होतं, आणि घराणेशाहीचा आक्षेप घेणाऱ्यांना तो घेण्याचा अधिकार आहे. १९६० मध्ये कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला आणि त्या जगभर ओळखल्या जाऊ लागल्या. २१ एप्रिल १९६७ ला ग्रीसमध्ये लष्कराने सत्ता बळकावली तेव्हा त्या न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर काम करत होत्या. तिथून त्यांनी लष्करशहांविरुद्ध बोलायला सुरुवात केली आणि त्याच जुलैमध्ये त्यांचं नागरिकत्व काढून घेण्यात आलं, मालमत्ता जप्त झाली. सात वर्षं परदेशातून मोर्चे, सभा, निधी गोळा करणं चाललं. जुलै १९७४ मध्ये हुकूमशाही कोसळल्यावर त्या परतल्या आणि आंद्रेआस पापान्द्रेऊ यांनी त्याच सप्टेंबरात स्थापलेल्या पासोक या समाजवादी पक्षात पहिल्या दिवसापासून सामील झाल्या. इथवरची गोष्ट सगळे सांगतात. पुढची तीन-चार वर्षं मात्र गाळली जातात, आणि माझ्या मते कारकिर्दीचं मर्म तिथेच आहे. १९७४ च्या निवडणुकीत मर्कुरी पिरेयसच्या दुसऱ्या मतदारसंघातून उभ्या राहिल्या आणि पडल्या. हा भाग बंदरालगतचा, गोदी कामगारांचा, आशिया मायनरमधून आलेल्या निर्वासितांच्या वस्त्यांचा. जगप्रसिद्ध चेहरा असूनही लोकांनी पहिल्या फटक्यात निवडून दिलं नाही. त्यांनी मतदारसंघ बदलला नाही. १९७७ मध्ये तिथूनच निवडून आल्या, १९८१ मध्ये पुन्हा आल्या. त्या तीन निवडणुकांत पासोकची मतं साडेतेरा टक्क्यांवरून पंचवीस आणि मग अठ्ठेचाळीस टक्क्यांवर गेली. ऑक्टोबर १९८१ मध्ये पंतप्रधान झालेल्या पापान्द्रेऊंनी त्यांना मंत्री केलं ते शोभेसाठी म्हणून नव्हे. पक्ष उभा करणाऱ्यांमध्ये त्या होत्या.

१९८१ ते १९८९ या काळात पापान्द्रेऊंनी मंत्रिमंडळात वरचेवर फेरबदल केले. सांस्कृतिक खातं मात्र मर्कुरींकडेच राहिलं. ही बाब छोटी वाटते, पण खात्याचं काम आतून पाहिलेल्याला तिचं मोल कळेल. संस्कृतीच्या कामाचं चक्र लांबलचक असतं. एखाद्या वस्तुसंग्रहालयाला जागा शोधायची, तिथे चाचणी उत्खनन करायचं, स्पर्धा घेऊन आराखडा निवडायचा, निधी मिळवायचा, निविदा काढायच्या, कोर्टातल्या हरकती निकाली काढायच्या, इमारत बांधायची आणि मग मांडणी करायची. दहा वर्षांत हे झालं तर लवकर झालं म्हणायचं. दोन वर्षांनी बदलणारा मंत्री या साखळीत फार तर भूमिपूजन करू शकतो.

पार्थेनॉनच्या शिल्पांचा लढा याच नजरेने पाहावा लागतो. उस्मानी दरबारातला ब्रिटिश राजदूत लॉर्ड एल्गिन याच्या माणसांनी १८०१ पासून ही शिल्पं अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिस टेकडीवरून उतरवली. १८१६ मध्ये ब्रिटिश संसदेने ती ३५ हजार पौंडांना विकत घेतली. ग्रीकांची खंत तेव्हापासूनची. मर्कुरींनी तिला पायरीपायरीने सरकारी मागणीचं रूप दिलं. १९८२ च्या उन्हाळ्यात मेक्सिको सिटीत युनेस्कोची सांस्कृतिक धोरणांवरची जागतिक परिषद झाली. तिथे ग्रीसने शिल्पं परत करण्याचा ठराव मांडला आणि परिषदेने शिफारस मंजूर केली. पुढच्या वर्षी, १९८३ मध्ये, ग्रीक सरकारने ब्रिटनकडे राजनैतिक मार्गाने औपचारिक मागणी केली. १९८४ मध्ये ब्रिटनने ती फेटाळली. त्याच वर्षी ग्रीसने सांस्कृतिक संपत्ती मूळ देशांना परत मिळावी म्हणून १९७८ मध्ये नेमलेल्या युनेस्कोच्या आंतरसरकारी समितीपुढे विषय नेला. हा क्रम लक्षात घ्या. आधी बहुपक्षीय व्यासपीठावर नैतिक पाठिंबा, मग द्विपक्षीय मागणी, लेखी नकार मिळाल्यावर समिती. नकार लेखी मिळवणं हेही कामच होतं, कारण त्याशिवाय तो वाद म्हणून समितीपुढे उभाच राहत नाही. १९८६ मधलं ऑक्सफर्ड युनियन या वादसभेतलं त्यांचं भाषण गाजलं, त्याच्या ध्वनिफिती आजही ऐकल्या जातात. ते भाषण या क्रमातली चौथी पायरी होतं, पहिल्या तीन पायऱ्या कागदावर चढून झाल्या होत्या.

आता विरोधकांचा सर्वांत बळकट मुद्दा. शिल्पं परत आली नाहीत. त्यांच्या हयातीत नाही, त्यांच्या मृत्यूनंतरच्या तीस वर्षांत नाही. ब्रिटिश म्युझियमच्या १९६३ च्या कायद्याने विश्वस्तांचे हात बांधलेले आहेत, आणि तो कायदा बदलायला ब्रिटिश संसद तयार नाही. मग या मंत्र्याला यशस्वी म्हणायचं कशाच्या जोरावर? हे मान्यच करावं लागेल की जाहीर केलेल्या उद्दिष्टावर मोजलं तर मर्कुरी हरल्या. एवढंच नाही, त्यांनी सुरू केलेलं नव्या अ‍ॅक्रोपोलिस संग्रहालयाचं कामही पुढे फसलं. शिल्पं ठेवायला अथेन्समध्ये धड जागा नाही, हा लंडनचा युक्तिवाद खोडून काढायला त्यांनी १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय स्पर्धा जाहीर केली. त्याआधी सत्तरच्या दशकात दोन स्पर्धा निकामी झाल्या होत्या. तिसऱ्या स्पर्धेचा आराखडा निवडला गेला, आणि तोही रद्द झाला. कारण सरळ होतं. टेकडीच्या पायथ्याशी मक्रियानीची जागा ठरली तेव्हा जमिनीखाली काय आहे याचा पुरता अंदाज नव्हता. खणायला लागल्यावर प्राचीन अथेन्सची आख्खी वस्ती हाती आली: घरं, रस्ते, हमामखाने. वारसा जपण्यासाठी बांधायच्या इमारतीने वारसाच गाडायचा का, असा प्रश्न उभा राहिला आणि त्याला उत्तर नव्हतं. आधी उत्खनन, मग आराखडा, हा साधा क्रम उलटा झाला होता. त्याची किंमत दहा वर्षांनी मोजली गेली.

पण हार मोजताना पुढचंही मोजायला हवं. वास्तुकार बर्नार्ड शुमी यांचा नवा आराखडा २००१ मध्ये निवडला गेला, त्यात इमारत शंभराहून अधिक काँक्रीटच्या खांबांवर उत्खननाच्या वर उचललेली आहे आणि खालची वस्ती काचेच्या जमिनीतून दिसते. सर्वांत वरचं दालन खालच्या मजल्यांपेक्षा तिरकं वळवलेलं आहे, म्हणजे ते समोरच्या टेकडीवरच्या पार्थेनॉनशी नेमकं समांतर येतं. मंदिराभोवती फिरणारी सुमारे १६० मीटर लांबीची शिल्पपट्टी त्या दालनात मूळ मापाने, मूळ क्रमाने लावली आहे. अथेन्सकडे असलेले दगड काळाने तांबूस-पिवळट झालेले. लंडनला असलेल्या, म्हणजे जवळजवळ अर्ध्या पट्टीच्या जागी पांढऱ्या प्लास्टरच्या प्रतिकृती. चालताना रंग बदलतो तिथे तिथे काय नेलं हे कळतं, पाटी वाचावी लागत नाही. दक्षिण बाजूच्या चौथ्या शिल्पचौकटीतल्या आकृत्यांची धडं लंडनला आहेत आणि डोकी कोपनहेगनला. २० जून २००९ ला हे संग्रहालय उघडलं तेव्हा मर्कुरींना जाऊन पंधरा वर्षं झाली होती, आणि सत्तेवर त्यांचा नव्हे, विरोधी न्यू डेमोक्रसी पक्ष होता. ब्रिटिश म्युझियमची मालकी मान्य केलीत तर शिल्पं तात्पुरती उसनी देण्याचा विचार करता येईल, असं लंडनहून सुचवलं गेलं, तेव्हा नकार दिला तो याच पक्षाचे सांस्कृतिक मंत्री अँटोनिस समारास यांनी. नोव्हेंबर २०२३ मध्ये याच मुद्द्यावरून ब्रिटिश पंतप्रधानांनी भेट रद्द केली ती याच पक्षाच्या ग्रीक पंतप्रधानांची. दरम्यान पालेर्मोच्या संग्रहालयातला तुकडा २०२२ मध्ये आणि व्हॅटिकनकडचे तीन तुकडे २०२३ मध्ये अथेन्सला परतले. एका पक्षाच्या मंत्र्याने घेतलेली भूमिका प्रतिस्पर्धी पक्षाला चाळीस वर्षांनीही सोडवत नाही, याला राजकारणात दुसरं नाव यशच आहे.

इथे महाराष्ट्राचा दाखला टाळता येणार नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये तेव्हाचे सांस्कृतिक कार्यमंत्री सुधीर मुनगंटीवार यांच्या उपस्थितीत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमशी करार झाला आणि जुलै २०२४ मध्ये वाघनखं साताऱ्यात प्रदर्शनाला आली. त्यावर आपल्याकडे जो वाद झाला तो जवळजवळ सगळा एकाच मुद्द्यावर: ही महाराजांची खरी वाघनखं आहेत का? प्रश्न रास्त होता. ती महाराजांनी वापरलेलीच आहेत असं खुद्द संग्रहालयही खात्रीने सांगत नाही. पण त्या गदारोळात दुसरा, तितकाच महत्त्वाचा प्रश्न कुणी धसास लावला नाही. ती आली कोणत्या नात्याने? तीन वर्षांच्या उसनवारीने. उसनं घेणारा मालकी मान्य करतो. ग्रीसने जो शब्द नाकारला तोच आपण स्वीकारला. याचा अर्थ करार चुकीचा होता असा नाही. साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याच्या घराण्याकडून संग्रहालयाला मिळालेली वस्तू आणि मंदिरावरून करवतीने कापून नेलेली शिल्पं यांच्या हक्काची बाजू सारखी नाही. लोकांना आपल्या गावात वस्तू पाहता आली, याचंही मोल आहे. पुढे २०२५ मध्ये राज्य सरकारने नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावात मध्यस्थामार्फत घेतली, खर्च सुमारे ४७ लाख रुपये. म्हणजे मागणी, उसनवारी आणि खरेदी असे तीन मार्ग झाले. कोणत्या वस्तूसाठी कोणता मार्ग, हे ठरवणारं धोरण असायला हवं. प्रत्येक वेळी नव्या मंत्र्याने नव्याने ठरवायचं असेल तर परदेशातल्या संग्रहालयांशी बोलणी करताना आपली बाजू दर वेळी शून्यापासून सुरू होते.

मर्कुरींचं दुसरं मोठं काम युरोपीय सांस्कृतिक राजधानीची योजना. यात त्यांचं राजकारणीपण सर्वांत स्वच्छ दिसतं. १९८३ च्या उत्तरार्धात युरोपीय समुदायाचं अध्यक्षपद ग्रीसकडे होतं, फक्त सहा महिन्यांसाठी. समुदायाच्या करारांत तेव्हा संस्कृती हा विषयच नव्हता, तो पुढे मास्ट्रिख्ट करारात आला. म्हणजे कायद्याच्या आधाराने काही करणं शक्य नव्हतं आणि पैसाही मागता येत नव्हता. त्या नोव्हेंबरात त्यांनी सदस्य देशांच्या सांस्कृतिक मंत्र्यांना अथेन्सला बोलावलं आणि कल्पना मांडली: दर वर्षी एका शहराने वर्षभर युरोपचं यजमानपद घ्यायचं, खर्च त्या शहराने आणि त्या देशाने करायचा. कुणाच्याच तिजोरीला सक्तीचा हात नाही आणि प्रत्येक देशाची पाळी ठरलेली, म्हणून विरोध करायला कारणच उरलं नाही. जून १९८५ मध्ये मंत्र्यांनी आपसांत ठराव केला. पहिलं शहर अथेन्स, मग फ्लॉरेन्स, अ‍ॅमस्टरडॅम, पश्चिम बर्लिन, पॅरिस. १९९० साठी ग्लासगोची निवड झाली आणि योजनेचा अर्थ बदलला, कारण ग्लासगो काही कलेचं तीर्थक्षेत्र नव्हतं, बंद पडत चाललेल्या जहाजबांधणीचं शहर होतं. योजना आजही चालू आहे. निवड झालेल्या शहराने आधी दिलेली वचनं पाळली तर त्याला १५ लाख युरोचं मेलिना मर्कुरी पारितोषिक मिळतं. सहा महिन्यांच्या अध्यक्षपदात, कायद्याचा आधार नसताना, बिनपैशाचा ठराव मंजूर करून घेणं ही अभिनयातून येणारी कला आहे का?

प्रसिद्धीचा उपयोग झाला, हे कोण नाकारेल? मर्कुरींना दारं उघडली जात होती ती चेहऱ्यामुळे. लंडनच्या पत्रकारांनी एखाद्या अनोळखी ग्रीक वकिलाच्या पत्रकार परिषदेला एवढी गर्दी केली नसती. पण चेहऱ्यानेच काम झालं असतं तर आपल्याकडे विनोद खन्नांच्या काळात काही तरी उभं राहिलं असतं. गुरदासपूरचे खासदार असलेले खन्ना जुलै २००२ मध्ये केंद्रात पर्यटन आणि सांस्कृतिक खात्याचे राज्यमंत्री झाले आणि सहा-सात महिन्यांत परराष्ट्र खात्यात गेले. प्रसिद्धी होती, लोकांचं प्रेम होतं, राज्यमंत्रिपदामुळे अधिकार तोकडा होता आणि वेळ तर नव्हताच. दोष त्यांचा नव्हता. फ्रान्समध्ये आंद्रे मालरो हे लेखक १९५९ ते १९६९ अशी दहा वर्षं या खात्यावर होते, कारण पाठीशी खुद्द राष्ट्राध्यक्ष द गॉल होते. त्याच बळावर १९६२ मध्ये जुन्या वस्त्या पाडण्याऐवजी राखीव ठरवून दुरुस्त करण्याचा कायदा झाला आणि पॅरिसचा मारे हा जुना भाग वाचला. याच मालरोंना १९२३ मध्ये कंबोडियातल्या बांतेय स्राय मंदिराची शिल्पं काढून नेल्याबद्दल अटक झाली होती, १९२४ मध्ये शिक्षाही झाली. कलावंत असला म्हणजे वारशाबद्दल आदर आपोआप येतो, असं मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

ब्राझीलचे गायक जिलबर्तो जिल यांचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. ते २००३ च्या जानेवारीपासून २००८ च्या जुलैपर्यंत सांस्कृतिक मंत्री होते. पण त्याआधी १९८९ ते १९९२ या काळात ते साल्वादोर शहराचे नगरसेवक होते. गटार, रस्ता आणि निधी यांच्या भांडणात चार वर्षं काढलेला माणूस होता तो. २००४ पासून त्यांच्या मंत्रालयाने ‘संस्कृतीचे बिंदू’ नावाची योजना चालवली. नवी सांस्कृतिक भवनं बांधायची नाहीत. वस्तीत आधीपासून काम करणारा गट निवडायचा, त्याच्याशी करार करायचा, हप्त्यांनी सुमारे १ लाख ८५ हजार रेआल द्यायचे, त्यातल्या काही पैशांतून ध्वनिमुद्रण आणि चित्रीकरणाची साधनं घ्यायची आणि संगणकावर मुक्त प्रणाली वापरायची. कल्पना उत्तम होती, घोडं अडलं हिशेबात. करार सरकारी अनुदानाच्या जुन्या चौकटीत होते. ढोल वाजवणाऱ्या मंडळाला मोठ्या कंत्राटदाराइतकीच कागदपत्रं भरावी लागत. पावती चुकली की हिशेब नामंजूर, हिशेब नामंजूर की पुढचा हप्ता बंद, आणि हप्ता बंद की शिकवणाऱ्यांचं मानधन थकलेलं. यावरचा इलाज २०१४ च्या कायद्याने झाला. साधा सांस्कृतिक बांधिलकीचा करार आला, त्यात पावत्यांपेक्षा ठरलेलं काम झालं की नाही हे आधी तपासलं जातं. दहा वर्षं लागली. ती टिकली, कारण जिल गेल्यावर त्यांच्याच मंत्रालयातले सचिव झुका फेरेरा मंत्री झाले आणि धागा तुटला नाही.

यावर तिसरा आक्षेप येतो, आणि तत्त्वाचा म्हणून तो मला सर्वांत गंभीर वाटतो. सरकारला सांस्कृतिक मंत्री हवाच कशाला? सत्तेच्या हाती कला गेली की ती तिची भाट होते. आक्षेपाला इतिहासाचा भक्कम आधार आहे, आणि तो ग्रीसमध्येच आहे. १ जून १९६७ च्या लष्करी हुकमाने संगीतकार मिकिस थिओडोराकिस यांचं संगीत वाजवणं, ऐकणं गुन्हा ठरलं होतं. मर्कुरींच्या स्वतःच्या पक्षावरही आपल्या माणसांची वर्णी लावण्याचे आरोप झाले. म्हणून ब्रिटनने १९४६ मध्ये कला परिषद स्थापून पैसा सरकारचा पण निवड परिषदेची, अशी व्यवस्था केली, आणि ती चांगली व्यवस्था आहे. पण त्यातून मंत्री नको असं निघत नाही. परिषदेला पैसा कोण मिळवून देणार? अर्थमंत्र्याच्या दालनात तिच्या बाजूने भांडणार कोण? ब्राझीलमध्ये २०१९ मध्ये मंत्रालयच मोडून दुसऱ्या खात्यात विलीन केलं गेलं. कला त्यामुळे सरकारच्या तावडीतून सुटली नाही. हस्तक्षेप चालूच राहिला, जाब विचारायला मात्र मंत्री उरला नाही. २०२३ मध्ये ते मंत्रालय पुन्हा उभं करावं लागलं. पैसा देणारा आणि निवड करणारा वेगळा ठेवायचा असेल तर तसा कायदा करून घेणाराही वजनदार राजकारणीच लागतो.

आपल्याकडे हे वजन कसं आहे? २०१४ ते २०२४ या दहा वर्षांत महाराष्ट्राने विनोद तावडे, अमित देशमुख, सुधीर मुनगंटीवार आणि आशिष शेलार असे चार सांस्कृतिक कार्यमंत्री पाहिले. तावडेंकडे सोबत शालेय आणि उच्च शिक्षण होतं, देशमुखांकडे वैद्यकीय शिक्षण, मुनगंटीवारांकडे वनं आणि मत्स्यव्यवसाय, शेलारांकडे माहिती तंत्रज्ञान. माणसं कर्तबगार असतील, पण करोनाच्या लाटेत वैद्यकीय शिक्षणमंत्र्याच्या टेबलावर नाट्यसंस्थेची फाईल वर कधी येणार? खातं दर वेळी कुणाच्या तरी शेपटाला बांधलेलं. परिणाम मोठ्या घोषणांवर होत नाही, रोजच्या कामावर होतो. वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांच्या मानधनाचंच घ्या. २०२४ मध्ये ते सरसकट दरमहा ५ हजार रुपये झालं, निर्णय चांगला होता. पण लाभार्थी निवडायला जिल्हा समिती लागते, ती वेळेवर नेमली नाही तर अर्ज पडून राहतात, आणि सत्तरीतल्या शाहिराला वाट पाहायला वेळ नसतो. या समित्या सगळ्या जिल्ह्यांत भरल्या आहेत का, हे दर तिमाहीला विचारणारा मंत्री लागतो. त्यासाठी त्याला गाता येण्याची गरज नाही.

आणि राजकारण्याने हे काम उत्तम केल्याचा दाखला आपल्याच घरात आहे. यशवंतराव चव्हाण वाचक होते, रसिक होते, पण पेशाने कलावंत नव्हते. १ मे १९६० ला राज्य झालं. त्याच वर्षाच्या जुलैत भाषा संचालनालय आणि नोव्हेंबरात तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या अध्यक्षतेखाली साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झालं. १९६२ च्या नोव्हेंबरात चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. या मंडळाने हाती घेतलेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड आला १९७६ मध्ये. मुख्यमंत्री जाऊन चौदा वर्षं झाली तरी काम चाललं, कारण मंडळ होतं, वाईला कार्यालय होतं, तर्कतीर्थ १९९४ पर्यंत त्या कामाच्या प्रमुखपदी होते. चव्हाणांनी योग्य माणूस नेमला, त्याला पैसा आणि मोकळीक दिली आणि हटवलं नाही. मर्कुरींच्या आठ वर्षांत आणि तर्कतीर्थांच्या तीन दशकांत साम्य आहे ते इथे.

मर्कुरींची एक योजना महाराष्ट्राने उचलावी अशी आहे, आणि तिच्याबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही. १९८३ पासून ग्रीक मंत्रालयाने अथेन्सबाहेरच्या शहरांच्या नगरपालिकांशी करार करून प्रादेशिक नाट्यसंस्था उभ्या केल्या. लारिसा, कालामाता, यानिना अशा शहरांत. इमारत आणि काही खर्च नगरपालिकेचा, उरलेलं अनुदान मंत्रालयाचं, कार्यक्रम ठरवायला कलादिग्दर्शक. पुढे या संस्था अनेकदा अडचणीत आल्या: अनुदान थकलं, नगरपालिकेने आपला वाटा दिला नाही, महापौर बदलला की दिग्दर्शक बदलला. तरी अथेन्सबाहेरच्या माणसाला व्यावसायिक नाटक आपल्या गावात बघायला मिळालं ते या करारांमुळे.

आपल्याकडे पुण्याचं बालगंधर्व, ठाण्याचं गडकरी रंगायतन, नाशिकचं कालिदास, कोल्हापूरचं केशवराव भोसले ही नाट्यगृहं महापालिकांची. महापालिका नगरविकास खात्याखाली. नाट्यस्पर्धा आणि अनुदानं सांस्कृतिक खात्याकडे. स्वच्छतागृह तुंबलं, वातानुकूलन बंद पडलं, रंगपटात पाणी आलं की नाट्यकर्मी सांस्कृतिक मंत्र्यांकडे तक्रार करतात आणि मंत्र्यांना त्या इमारतीवर खिळा ठोकण्याचाही अधिकार नसतो. ८ ऑगस्ट २०२४ ला केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, राजर्षी शाहूंनी शंभर वर्षांपूर्वी उभारलेली वास्तू. त्यानंतर मदतीच्या घोषणा झाल्या. आग लागण्याआधी विजेच्या जोडण्या दर वर्षी कुणी तपासायच्या, तो अहवाल कुणाला द्यायचा, हे ठरवणारा करार मात्र महापालिका आणि सांस्कृतिक खातं यांच्यात नव्हता.

तो करावा. पाच वर्षांचा, त्रिपक्षीय: महापालिका, सांस्कृतिक कार्य संचालनालय आणि स्थानिक नाट्यसंस्थांचा प्रतिनिधी. राज्याचा वाटा हप्त्यांनी, आणि दुसरा हप्ता अग्निसुरक्षा व विद्युत तपासणीचं प्रमाणपत्र जोडल्याशिवाय नाही. महापालिकेचा वाटा तिच्या अर्थसंकल्पात स्वतंत्र लेखाशीर्षाखाली, म्हणजे तो रस्त्यांकडे वळवता येणार नाही. तारखांचं वाटप उघड यादीने, शनिवार-रविवारचा ठरावीक हिस्सा नाटकांसाठी राखीव. व्यवस्थापकाची नेमणूक पाच वर्षांची, महापौर बदलला तरी न बदलणारी. ग्रीसमध्ये जे फसलं तेवढं तरी आपण टाळू शकतो. अशा करारावर सही करायला कोणताही मंत्री चालेल. तिसऱ्या वर्षी महापालिकेचा वाटा थकल्यावर नगरविकास खात्याशी वाद घालून तो वसूल करायची वेळ येईल, तेव्हा तोच मंत्री त्याच खुर्चीत असायला हवा.